हॅमॉक ताणून बांधू नका, झोळ पडू द्या

हॅमॉकमध्ये, म्हणजे दोन झाडांमध्ये बांधायच्या कापडी झोळीत, एक रात्र काढून "छे, पाठ गेली, आपल्याला नाही जमायचं" म्हणत परत तंबूकडे वळलेली बरीच मंडळी भेटलीत मला, आणि बांधला कसा होता विचारलं की उत्तर ठरलेलं, एकदम टाईट, झोळ पडायला नको म्हणून. तिथेच सगळा घोळ आहे. मीही पहिल्या रात्री तेच केलं होतं, दोन्हीकडून जीव खाऊन ताणला, आणि आत पडल्यावर दोन्ही कडा खांदे चेपायला लागल्या, जरा कूस बदलली की सगळा हॅमॉक गर्रकन फिरायला बघायचा, शेवटी पहाटे तीनला खाली मॅट टाकून जमिनीवर झोपलो.

हॅमॉकला झोळ लागतोच. हॅमॉक झाडाला ज्या पट्ट्याने बांधतो तो झाडापासून खाली येताना जमिनीच्या समांतर रेषेशी साधारण ३० अंशांचा कोन व्हायला हवा. कोन मोजायला काही लागत नाही, लहान मुलं बोटांची बंदूक करतात तशी करायची, पहिलं बोट आडवं, अंगठा उभा, आणि अंगठ्याच्या टोकापासून बोटाच्या टोकापर्यंत जी तिरकी रेषा होते तिच्याशी पट्टा जुळतोय का बघायचं, बास. यात आरामाइतकाच ताकदीचाही प्रश्न आहे. ७० किलोचा माणूस ३० अंशांवर झोपला तर प्रत्येक पट्ट्यावर साधारण ७० किलोचा ताण येतो, तेच १० अंशांवर आणलं की २०० किलो, आणि ५ अंशांवर, म्हणजे जवळजवळ सरळ ताणला तर ४०० किलो. प्रत्येक बाजूला! पट्टा तुटला, गाठ सुटली, झाडाची साल सोलली हे किस्से बहुतेक वेळा इथूनच सुरू होतात.

दुसरी गोष्ट, जी कळल्यावर मला खरी झोप लागली. हॅमॉकमध्ये सरळ झोपायचं नाही, तिरकं झोपायचं. मध्यरेषेवर सरळ पडलात तर शरीराचं केळं होतं आणि गुडघे उलटे ताणले जातात. त्याऐवजी डोकं मध्यरेषेच्या फूटभर एका बाजूला आणि पाय फूटभर दुसऱ्या बाजूला सरकवा, की तुमच्याखालचं कापड पसरतं आणि पाठ जवळजवळ सपाट होते, पहिल्यांदा हे होतं तेव्हा अरेच्चा असं तोंडातून निघतंच. आणि झोळ असेल तरच हे जमतं, ताणलेल्या कापडात तिरकं व्हायला जागाच नसते. म्हणूनच झोपायचा हॅमॉक लांब लागतो, १० ते ११ फूट तरी. बागेत पुस्तक वाचत पडायला मिळतात ते ८-९ फुटी असतात, दुपारच्या डुलकीला ठीक, रात्रभर नाही. आणि दोन्ही टोकांना लाकडी दांडे लावलेला, फोटोत छान सपाट दिसणारा प्रकार तर कॅम्पिंगला नेऊच नका, तो उलटतो.

तिरकं झोपूनही पोटरीखाली कापडाची कड टोचत असेल तर गुडघ्यांखाली जॅकेटची गुंडाळी ठेवा. रात्रभर घसरत पायाकडे जात असाल तर पायाकडचं टोक डोक्याकडच्यापेक्षा वीतभर वर बांधा, उलटं वाटतं पण जड भाग कमरेपासून वर असल्यामुळे असंच बॅलन्स होतं.

दर वेळी झोळाचा अंदाज घ्यायचा कंटाळा येतो त्यांच्यासाठी एक सोय आहे, हॅमॉकच्या दोन टोकांमध्ये वरून एक न ताणणारी बारीक दोरी कायमची बांधून टाकायची, लांबी हॅमॉकच्या ८३ टक्क्यांच्या आसपास. ११ फुटी हॅमॉकला ९ फूट १ इंच, १० फुटीला सव्वाआठ फूट. मग झाडं जवळ असोत नाहीतर लांब, झोळ दर वेळी तेवढाच. झोपल्यावर ही दोरी बोटांत धरून थोडी वाकवता आली पाहिजे, वीणेच्या तारेसारखी कडक लागली तर पट्टे सैल करा. चष्मा, टॉर्च, रुमाल अडकवायलाही हीच दोरी, तंबूत अंधारात चष्मा शोधणाऱ्यांना याची किंमत कळेल.

आता झाडं. दोन झाडांत १२ ते १५ फूट अंतर, खोड निदान वीतभर जाड, आणि झाड जिवंत. वाळक्या झाडाला कधीच नाही, कितीही जाड असू दे. पट्टा बांधायच्या आधी मान वर करून बघा, हे लोक विसरतातच, वर अर्धवट मोडलेली, वाळलेली, नुसती अडकून राहिलेली फांदी असेल तर दुसरी जागा शोधा, कारण रात्री वारा सुटला की ती खाली येऊ शकते आणि तुम्ही बरोब्बर तिच्याखाली असता. झाडाभोवती दोरी गुंडाळू नका, रुंद पट्टाच वापरा, निदान इंचभर रुंद. बारीक दोरी सालीत रुतते आणि सालीच्या लगेच आतल्या थरातच झाडाचं अन्न वाहतं नि वाढ होते, तो कापला गेला की झाडाचं नुकसान. पट्टा पॉलिएस्टरचा घ्या, नायलॉन वजनाने आणि ओलाव्याने ताणला जातो, रात्री झोपताना ठीक असतं आणि सकाळी पार्श्वभाग जमिनीला टेकलेला असतो. कॅराबिनर, म्हणजे उघडझाप होणारी धातूची कडी, वापरत असाल तर वजन पेलणारे, किचेनला लावतात ते नाही.

उंचीचं म्हणाल तर आत बसल्यावर खुर्चीत बसल्यासारखे पाय जमिनीला टेकले पाहिजेत, म्हणजे बसल्यावर दीडेक फूट. उंच बांधून काही मिळत नाही, पडल्यावर जास्त लागतं एवढंच. एकाच झाडजोडीला एकावर एक तीन-तीन हॅमॉक लावून फोटो काढणाऱ्यांकडे बघूही नका, वरचा पडला की खालच्यावर पडतो. चढताना आधी मधोमध बसा, मग मागे रेलून पाय आत घ्या, एक पाय टाकून घोड्यावर बसल्यासारखं करायला गेलात की खाली. बांधून झालं की पहिल्यांदा एकदम अंग टाकू नका, हाताने दाबून बघा, मग अर्धं वजन टाका, मग बसा. आणि खाली दगड किंवा तोडलेल्या झुडपाचे खुंट नाहीत ना हेही.

आता थंडी, जिथे तंबूवाले हमखास फसतात. जमिनीवर थंडी खालच्या मातीतून येते, हॅमॉकमध्ये खालून हवा वाहत असते आणि ती अंगातली ऊब ओढून घेऊन जाते. तुम्ही म्हणाल जाड स्लीपिंग बॅग आहे की. पण बॅग ऊब देते ती तिच्यात अडकलेल्या हवेमुळे, आणि अंगाखालचा भाग तुमच्याच वजनाने चपटा झालेला असतो, तिथे हवाच उरत नाही. वरून घाम आणि पाठीला गारठा, असा विचित्र प्रकार होतो. पारा २० डिग्रीच्या आसपास आला तरी बऱ्याच जणांची पाठ गार पडायला लागते. उपाय दोन. एक म्हणजे नेहमीची स्लीपिंग मॅट आत टाकायची, स्वस्त आणि मस्त, फक्त ती रात्रभर सरकत राहते, दुहेरी कापडाचा हॅमॉक असेल तर दोन थरांच्या मधे घालायची म्हणजे कमी सरकते. हवेची मॅट असेल तर पूर्ण टम्म फुगवू नका, थोडी मऊ ठेवली की कापडाचा आकार घेते. दुसरा उपाय अंडरक्विल्ट, म्हणजे हॅमॉकच्या बाहेरून खाली लटकवायची रजई. तिच्यावर वजन येत नाही म्हणून ती फुगलेली राहते. ती नीट लावणं ही मात्र कला आहे, सैल राहिली तर मधल्या फटीतून वारा शिरतो, जास्त आवळली तर चपटी होते, आत झोपून हात बाहेर काढून पाठीखाली चाचपून बघा, रजई कापडाला नुसती चिकटलेली पाहिजे. माझं मत विचाराल तर सुरुवातीला मॅटच वापरा, हॅमॉकची सवय झाली की मग अंडरक्विल्टचा विचार.

पावसाला वरून टार्प, म्हणजे ताडपत्रीसारखं छत, लागतो, हॅमॉकपेक्षा दोन्ही टोकांना वीतभर तरी लांब. हॅमॉक सैल बांधायचा पण टार्प ताणून, नाहीतर वाऱ्यात रात्रभर फडफड. वारा येतो ती बाजू खाली उतरवा. टार्प नायलॉनचा असेल तर ओला झाला की सैल पडतो, झोपायच्या आधी एकदा परत ताणा. आणि एक गोष्ट जी मी भिजूनच शिकलो, वर टार्प अगदी व्यवस्थित होता, एक थेंब गळत नव्हता, तरी मध्यरात्री डोक्याखालची उशी ओली. टॉर्च लावून बघितलं तर पाणी खोडावरून पट्ट्यावर आणि पट्ट्यावरून आरामात उतरत उतरत हॅमॉकमध्ये येत होतं. तेव्हापासून टार्पच्या आत, हॅमॉकच्या टोकाआधी पट्ट्यावर वीतभर सुती दोरीचा तुकडा बांधतो, टोक खाली लोंबत ठेवून. पाणी तिथे येतं आणि दोरीवरून जमिनीवर टपकतं. बुटाची जुनी नाडीही चालते.

डासांसाठी मच्छरदाणी हवीच, पण नुसती वरून असेल तर डास खालून पातळ कापडातून चावतात, पाठीला. खाली मॅट किंवा रजई असेल तर ते पोचत नाहीत, उकाड्यात ती नको असेल तर हॅमॉकला सगळीकडून गुंडाळणारी जाळी घ्या.

सामान टार्पखाली, हॅमॉकच्या बरोबर खाली ठेवा, बूट उलटे करून, म्हणजे रात्री त्यात कोणी मुक्कामाला येत नाही. पोटावर झोपायची सवय असणाऱ्यांना मात्र मी आग्रह करणार नाही, कुशीवर जमतं, पालथं नाही. बाकीच्यांनी आधी घराजवळ एखादी दुपार, मग एक अख्खी रात्र असं करून बघा, आणि पहिल्या एक-दोन ट्रिपना जमिनीवर टाकायची मॅट सोबत ठेवा. झाडंच नीट मिळाली नाहीत तर टार्प खाली बांधून त्याखाली झोपता येतं.