लग्नाच्या फोटोत स्किन रिटच करताना चेहरा मेणाचा होऊ देऊ नका

आपल्या जळगाव-भुसावळकडे मे महिन्यातलं लग्न म्हणजे घामाने चमकणारं कपाळ आणि गालावर राहिलेली हळद, आणि मग घाईत स्मूथ स्किनचा स्लायडर फुल ओढला की नवरी मेणाची दिसते.

फोटोशॉपमधे वर एक रिकामी लेयर (फोटोवरचा वेगळा थर) घ्या, डाग पुसणाऱ्या हीलिंग ब्रशच्या सॅम्पलमधे करंट अँड बिलो ठेवा, म्हणजे तो खालच्या फोटोतली त्वचा उचलतो, ब्रश पुटकुळीपेक्षा जरासाच मोठा. आठ-पंधरा दिवसांत आपोआप जाणारं असेल तेवढंच काढा. तीळ, जुना व्रण राहू द्या, आणि आजीच्या कपाळावरचं, हनुवटीवरचं गोंदण तर अजिबात पुसायचं नाही, ती तिची ओळख आहे हो!

घामाची चमक पूर्ण मारली की चेहरा सपाट होतो. नवी लेयर डार्कन मोडवर (यात फक्त जास्त उजळ भागच गडद होतो), शेजारच्या त्वचेचा रंग उचला आणि ब्रश १० टक्के ओपॅसिटीने, म्हणजे अगदी पुसट ठेवून, हळूहळू फिरवा.

डोळ्याखालच्या काळेपणाला ब्लर लावू नका, रोमछिद्रं जातात. ५० टक्के ग्रे भरलेली सॉफ्ट लाइट मोडची लेयर घेऊन (हा ग्रे फोटोवर दिसत नाही) पांढऱ्या ब्रशने ३-४ टक्के फ्लोवर, म्हणजे रंग अगदी थोडा सोडत, हलकं उजळवा, वेळ लागतो पण पोत जसाच्या तसा राहतो.

हळदीसाठी ह्यू सॅच्युरेशनमधे यलो कमी करा, पण मास्क (बदल ठरावीक भागापुरता ठेवणारं झाकण) लावून फक्त गालावर, नाहीतर सोन्याचे दागिने पण फिके पडतात. सावळा रंग गोरा करायचा नाही, कोणी सांगितलं तरी.

शेवटी झूम आउट करून बघा, जास्त वाटलं तर रिटचच्या लेयर्सची ओपॅसिटी ७० वर आणा.