सायकलच्या पंपाने उडवलेल्या बुचाचा वेग कसा काढावा

प्लास्टिकच्या बाटलीत घट्ट बसवलेले बूच पंपाने उडवण्यापूर्वी त्याचा वेग कागदावर काढावा. काचेची बाटली मात्र मुळीच वापरू नये. पंपावरील मापक वातावरणाहून जास्त असलेला दाबच दाखवतो. हा दाब, तोंडाचे क्षेत्रफळ आणि बूच आत रुतलेली लांबी यांचा गुणाकार म्हणजे हवेने केलेले कार्य. त्याच्या दुपटीला वस्तुमानाने भागून वर्गमूळ घेतले की वेग मिळतो. दाब १ लाख पास्कल, क्षेत्रफळ ३.८ चौरस सेंटिमीटर, लांबी दीड सेंटिमीटर आणि बूच ५ ग्रॅमचे असल्यास उत्तर सेकंदाला सुमारे १५ मीटर येते. ही कमाल मर्यादा होय, कारण घर्षण यातला मोठा वाटा खाते.

पडताळणीसाठी बूच सरळ वर उडवून, ते जमिनीवर येईपर्यंतच्या सेकंदांच्या निम्म्याला सोलापूरच्या अक्षांशावरील ९.७८ या गुरुत्वत्वरणाने गुणावे. सोलापुरातल्या होम मैदानावर दुपारच्या वाऱ्यात ही रीत फसते. त्यापेक्षा भिंतीवर गडद सोलापुरी चादर टांगून तिच्यावर दर १० सेंटिमीटरला खडूची रेघ मारावी आणि मोबाइलवर सेकंदाला २४० चौकटींचे चित्रण करावे. लगतच्या दोन चौकटींत बूच ५ सेंटिमीटर सरकले, तर वेग सेकंदाला १२ मीटर.