केनिया-टांझानियाची सफारी आखताना या चुका टाळा

केनियातील मसाई मारा आणि टांझानियातील सेरेंगेटी नकाशावर एकमेकांना खेटून दिसतात, त्यामुळे सकाळी एका जंगलातून निघून दुपारी दुसऱ्यात पोहोचू, असे अनेक जण गृहीत धरतात. प्रत्यक्षात या दोहोंमधली थेट वाट पर्यटकांसाठी बंद आहे. वळसा घालून इसेबानियाच्या सीमानाक्यावर जावे लागते, तेथे पासपोर्टवर शिक्के घ्यावे लागतात, बहुतेक वेळा गाडी आणि चालकही तेथेच बदलतात, आणि या सगळ्यात आख्खा दिवस जातो. हा दिवस निव्वळ प्रवासाचा म्हणून वेगळा धरावा, नाहीतर दोन्हींपैकी एकच देश निवडावा.

याहून मोठी चूक म्हणजे उद्याने मोजत कार्यक्रम ठरवणे. सहा रात्रींत तरंगिरे, मन्यारा, न्गोरोंगोरो, सेरेंगेटी आणि शेवटी मारा अशी यादी कागदावर भरगच्च दिसते, परंतु टांझानियातल्या अरुशा शहराहून सेरेंगेटीच्या मध्यभागी असलेल्या सेरोनेराला पोहोचायलाच सात-आठ तास लागतात. एकट्या सेरेंगेटीचे क्षेत्रफळ 14,763 चौरस किलोमीटर आहे. बफर क्षेत्र धरूनही आपल्या ताडोबा-अंधारीच्या ते आठपटींहून अधिक भरते. तेथे एकच रात्र काढणाऱ्याच्या वाट्याला मुख्यतः धुळीचा रस्ता येतो. माझ्या मते सहा रात्री असतील तर गोरखचिंचेच्या प्रचंड झाडांसाठी आणि हत्तींच्या कळपांसाठी तरंगिरेला दोन, न्गोरोंगोरोला एक आणि उरलेल्या तिन्ही सेरेंगेटीला द्याव्यात; मन्यारा गाळले तरी चालेल. प्रवेशशुल्काची मुदतही आधीच विचारून घ्यावी, कारण ठरलेल्या वेळेपेक्षा उशिरा बाहेर पडल्यास जादा पैसे भरावे लागू शकतात, आणि मग शेवटच्या सकाळी समोर सिंह दिसत असूनही चालकाला फाटकाकडे धाव घ्यावी लागते.

आपल्याकडच्या सुट्ट्यांचा आणि तिथल्या ऋतूंचा मेळ न घालणे ही मराठी कुटुंबांच्या बाबतीत हमखास होणारी चूक आहे. मगरींनी भरलेली मारा नदी ओलांडणारे विल्डबीस्ट या मोठ्या आफ्रिकी हरिणांचे कळप पाहायचे मनात धरून मे महिन्याचे तिकीट काढले जाते. ते दृश्य साधारणपणे जुलै ते ऑक्टोबर या काळातले आहे. मार्च ते मे हा तेथील मोठ्या पावसाचा काळ असून, विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्याला ओळखीची वाटेल अशी चिकट काळी माती गाडीची चाके धरून ठेवते. जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत दक्षिणेकडील न्दुतूच्या गवताळ मैदानांत विल्डबीस्टची हजारो पिल्ले जन्माला येतात आणि त्यांच्यामागे चित्ते, तरस, सिंह येतात. नदीच्या दृश्याइतकी प्रसिद्धी नसली तरी हा काळ अधिक खात्रीचा आहे.

योग्य महिन्यात गेल्यावरही कळप नदी केव्हा ओलांडेल हे कोणी सांगू शकत नाही. पुढचे जनावर काठापर्यंत येते, पाणी हुंगते, एखादा झेब्रा दचकून मागे फिरतो आणि तासभर जमलेला सगळा कळप धूळ उडवत माघारी जातो. अशा वेळी चालकाला गाडी आणखी पुढे घ्यायला सांगणे ही अक्षम्य चूक होय, कारण काठावर दाटलेल्या गाड्याच प्राण्यांची उतरायची वाट अडवतात. गाडी लांब उभी करून इंजिन बंद ठेवावे आणि थांबण्याची तयारी ठेवावी. सेरेंगेटीत ठरलेला रस्ता सोडून गाडी गवतात घालणे नियमबाह्य आहे आणि त्याचा दंड चालकाला भोगावा लागतो, हेही ध्यानात असावे. बराच वेळ काहीच दिसत नसेल तर भटकण्यापेक्षा एखाद्या पाणवठ्याजवळ किंवा खडकाळ टेकडीपाशी थांबावे. सगळे जिराफ एकाच दिशेला टक लावून पाहत असतील, तर त्या दिशेने दुर्बीण लावावी.

सामानाच्या चुका लहान असल्या तरी त्रास मोठा देतात. उद्यानांदरम्यानच्या छोट्या विमानांत साधारणपणे 15 किलोचीच मर्यादा असते आणि मऊ पिशवीच चालते, टणक सूटकेस नव्हे. गडद निळ्या आणि काळ्या कपड्यांकडे चावणाऱ्या त्सेत्से माश्या आकर्षित होतात, म्हणून खाकी किंवा फिकट मातकट रंग घालावेत. न्गोरोंगोरोच्या विवराची कड 2,200 मीटरहून उंच असल्याने पहाटे तेथे स्वेटर लागतोच. विवरात उतरल्यावर जेवणाचा डबा गाडीबाहेर उघडू नये, कारण तेथील घारी हातातला घास उचलून नेतात. प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवर केनियात 2017 पासून आणि टांझानियात 2019 पासून बंदी आहे, तेव्हा चिवडा-चकल्या डब्यांत आणि कापडी पिशव्यांत न्याव्यात.

मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी निघण्याच्या पुरेसे आधी बोलावे. केनियाला जाणाऱ्यांनी पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी शासनमान्य केंद्रातच घ्यावी. तिचे प्रमाणपत्र आता आयुष्यभर ग्राह्य धरले जाते, मात्र ते नसेल तर केनियातून टांझानियात शिरताना अडचण येते आणि भारतात परतल्यावर विमानतळावरूनच 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. ते पिवळे कार्ड मोठ्या बॅगेत न टाकता पासपोर्टसोबत हातातल्या पिशवीत ठेवावे आणि त्याचे छायाचित्र मोबाइलमध्येही असू द्यावे.