जुन्या गाडीला इंजेक्शन आणि ओव्हरड्राइव्ह बसवताय? या चुका टाळा

कार्बोरेटर उतरवून त्याच चार बोल्टांवर थ्रॉटल बॉडी इंजेक्शन (संगणकाच्या हुकमाने पेट्रोल फवारणारा भाग) बसवायला एक दुपार पुरते. ओव्हरड्राइव्हचा (वेग तोच ठेवून इंजिन हळू फिरवणाऱ्या वरच्या गिअरचा) गिअरबॉक्स चढवायला दोन-तीन दिवस. गाडी रुसते ती त्यानंतर, आणि मग किटच्या नावाने बोटं मोडली जातात. किटमध्ये दोष क्वचितच निघतो. खोट असते ती पाइप, वायर, केबल आणि शाफ्टच्या कोनात, म्हणजे जुनी गाडी आणि नवा भाग जिथे एकमेकांना भेटतात तिथे.

पहिली चूक दोन्ही कामं एकदम काढण्याची. हलक्या रेसवर ७० च्या वेगात गाडी थरथरली तर मिश्रण पातळ झालंय की टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तेलातून जोडणाऱ्या भागाचा) लॉकअप क्लच, म्हणजे दोघांना थेट जखडणारा क्लच, घसरतोय, हे बसल्या जागी कळत नाही. दोन्ही थरथरी सारख्याच वाटतात. आधी इंजेक्शन बसवा, साधारण पाचशे किलोमीटर चालवून त्याच्या ईसीयूला (संगणकाला) मिश्रण शिकू द्या, मग गिअरबॉक्सला हात घाला. उलटा क्रम घेतलात तर थ्रॉटलची केबल दोनदा जुळवावी लागेल. त्या केबलवर पुढे सविस्तर बोलू, कारण सगळ्यात महागडी चूक तिथेच होते.

पेट्रोलची लाइन

कार्बोरेटरचा मेकॅनिकल पंप साधारण ०.३५ ते ०.५ बार दाब देतो. बहुतेक थ्रॉटल बॉडी किट चार बारवर चालतात. तरीही जुनाच रबरी पाइप आणि जुन्याच क्लिपा ठेवणारे भेटतात. एसएई ३०आर७ हा पाइप कार्बोरेटरसाठी आहे. इंजेक्शनला ३०आर९ लागतो, आणि टाकीच्या आत बुडणारा तुकडा असेल तर ३०आर१०. आर९ पाइप टाकीत बुडवून ठेवला तर बाहेरचं आवरण फुगून सुटतं. क्लिपही इंजेक्शनची, गुळगुळीत आतल्या कडेची घ्या. खाचांची साधी क्लिप रबर कापते आणि नेमकी गरम इंजिनवर पाझरते.

पंप शक्यतो टाकीच्या आत बसवा. बाहेरच बसवायचा असेल तर टाकीच्या जवळ आणि तिच्या तळापेक्षा खाली. हे पंप ढकलण्यात पटाईत असतात, ओढण्यात नाही. इंजिनच्या कप्प्यात बसवलेला पंप उन्हात वाफ ओढतो आणि अर्ध्या तासात किंचाळू लागतो. पंपाआधी १०० मायक्रॉनचा फिल्टर, पंपानंतर १० मायक्रॉनचा. उलटे लावले तर बारीक जाळी पंपाचं तोंड आवळते.

जुन्या टाकीत आडभिंती नसतात. टाकी पाव भरलेली असताना लांब वळण घेतलं की पेट्रोल एका कडेला जातं आणि पंप हवा पितो. कार्बोरेटरचा फ्लोट बाउल ही दोन सेकंदं सांभाळून घ्यायचा, इंजेक्शनकडे असा साठा नाही. आडभिंतींची टाकी किंवा छोटी सर्ज टाकी (पंपासाठी पेट्रोल राखून ठेवणारी) हाच त्यावर उपाय. जुना मेकॅनिकल पंप काढल्यावर ब्लॉकवरच्या भोकाला गॅस्केटसह झाकणपट्टी लावायला विसरू नका.

वायरिंग: निम्म्या तक्रारी इथल्याच

ईसीयूची मुख्य पॉझिटिव्ह आणि अर्थ वायर थेट बॅटरीच्या टर्मिनलवर न्या. फ्यूज बॉक्समधल्या रिकाम्या जागेवरून नको. चावीच्या वायरीसाठी बरेच जण रेडिओची लाइन पकडतात, आणि ती लाइन सेल्फ मारताना बंद होते. याचं लक्षण ठरलेलं असतं: सेल्फ कितीही फिरला तरी इंजिन पकडत नाही, चावी सोडल्याक्षणी मात्र फटकन पेटतं. मल्टिमीटर लावून सेल्फ मारा. त्या वायरीवर व्होल्टेज १० च्या खाली जाता कामा नये.

पंपाला रिले, स्वतंत्र फ्यूज आणि किमान ४ चौरस मिलिमीटरची वायर द्या. इंजिन चालू असताना बॅटरीवरचं आणि पंपावरचं व्होल्टेज मोजा. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त निघाला तर पंप बदलण्याआधी वायर आणि अर्थ तपासा. अर्थ म्हणजे रंगावर कसलेला बोल्ट नव्हे. पत्रा चकाकेपर्यंत घासा आणि इंजिन ते चासी, चासी ते बॅटरी असे जाड पट्टे लावा.

स्क्रीनवर आयडलिंगला आरपीएम मध्येच ४,००० दाखवून परत ८०० वर येत असेल तर तो विजेचा गोंगाट समजा. तांब्याच्या तारेच्या प्लग वायरी काढून रेझिस्टरच्या लावा, ईसीयूची वायरिंग कॉइलपासून दूर न्या. सीडीआय (कॅपॅसिटरमधून ठिणगी देणारा) इग्निशन बॉक्स असेल तर आरपीएमची वायर बॉक्सच्या टॅको टर्मिनलवरूनच घ्या. त्या मांडणीत कॉइलच्या निगेटिव्हवर शेकडो व्होल्ट येतात. चुकून तिथे जोडलेला ईसीयू एकदाच जळतो.

ऑक्सिजन सेन्सर खोटं बोलतो तेव्हा

एक्झॉस्टच्या जोडात सुईएवढी गळती असली तरी बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला जास्त ऑक्सिजन दिसतो, ईसीयूला वाटतं मिश्रण पातळ आहे, आणि तो पेट्रोल वाढवत राहतो. म्हणून स्क्रीन ‘पातळ’ म्हणतेय आणि प्लग मात्र काजळीने काळे, असं दिसलं की मॅपमध्ये (ईसीयूच्या पेट्रोलच्या तक्त्यात) खाडाखोड करू नका, गॅस्केट बघा. एक सिलिंडर मिसिंग करत असला तरी हेच होतं, कारण न जळलेल्या चार्जमधला ऑक्सिजन तसाच बाहेर पडतो. सेन्सर आडव्या रेषेपेक्षा किमान १० अंश वर बसवा, नाहीतर थंड पाइपातलं पाणी त्याच्या हीटरवर पडतं आणि तो तडकतो.

थर्मोस्टॅट काढून टाकलेल्या गाड्या बऱ्याच असतात. कार्बोरेटरला फारसं अडत नव्हतं. इंजेक्शनमध्ये साधारण ७० अंश गाठेपर्यंत बहुतेक ईसीयू शिकायलाच सुरुवात करत नाहीत, शिवाय थंड इंजिनसाठीचं जादा पेट्रोल देत राहतात. ८२ ते ९० अंशांचा थर्मोस्टॅट परत बसवा, पेट्रोल पिण्याची तक्रार निम्मी तिथेच मिटते.

आयडलिंगचा स्क्रू फिरवलात तर चावी बंद करून पुन्हा चालू करा. नाहीतर थ्रॉटल पोझिशन सेन्सरचा शून्य हलतो, ईसीयूला पाय पेडलवर आहे असं वाटतं आणि आयडलिंगचं नियंत्रण सुरूच होत नाही.

टीव्ही केबल

जनरल मोटर्सचे ७००आर४ आणि २००-४आर हे ओव्हरड्राइव्हचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जुन्या गाड्यांत लोकप्रिय आहेत. त्यांच्यावरची थ्रॉटल व्हॉल्व्हची केबल (टीव्ही केबल) दिसते जुन्या टीएच३५० गिअरबॉक्सच्या किकडाउन केबलसारखी (पेडल पूर्ण दाबताच खालचा गिअर टाकणाऱ्या), पण काम वेगळं. टीएच३५० ची केबल सैल राहिली तर फक्त किकडाउन मिळत नाही. टीव्ही केबल गिअरबॉक्समधल्या तेलाचा दाब ठरवते. ती सैल असेल तर दाब कमी, क्लच प्लेटा घसरतात आणि थोड्याच किलोमीटरमध्ये जळतात.

इंजेक्शनची गाठ पडते ती इथे. नव्या थ्रॉटल बॉडीच्या लिव्हरवरचं भोक जुन्या कार्बोरेटरच्या जागी असतंच असं नाही. भोक थ्रॉटलच्या शाफ्टच्या मध्याजवळ असेल तर पेडल पूर्ण दाबूनही केबल पूर्ण ओढली जात नाही. दोन्ही टोकं जुळली तरी मधल्या प्रवासात वेग चुकू शकतो, म्हणून त्या थ्रॉटल बॉडीसाठीचा करेक्टर ब्रॅकेट (केबलचा प्रवास जुळवणारी पट्टी) घ्याच. मग इंजिन बंद ठेवून केबलच्या अॅडजस्टरचं बटण दाबा, सरकपट्टी पूर्ण मागे ढकला, बटण सोडा आणि एकाला पेडल जमिनीपर्यंत दाबायला सांगा. पट्टी कटकट करत स्वतःच जागेवर येते. पेडल सोडल्यावर केबल ताठ हवी, पण थ्रॉटल ओढून धरता कामा नये. शेवटी गिअरबॉक्सच्या प्रेशर पोर्टवर गेज लावा. केबल जरा ओढली की काटा लगेच वर यायला हवा. गेजशिवाय रस्त्यावर काढू नका.

गिअर लवकर पडतात म्हणून ही केबल पिळणं हीदेखील चूकच. गिअर कधी पडावा हे गव्हर्नरच्या (गाडीच्या वेगानुसार गिअर बदलवणाऱ्या भागाच्या) वजनांनी आणि स्प्रिंगांनी जुळवतात.

बसवताना

कन्व्हर्टर गिअरबॉक्सच्या तेलपंपात पूर्ण बसला नसताना बेल हाउसिंगचे बोल्ट कसून गिअरबॉक्स इंजिनकडे ओढला की तो पंप तुटतो. हाउसिंग हातानेच चिकटायला हवं. चिकटल्यावर कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरावा आणि फ्लेक्सप्लेटपासून (इंजिनच्या मागच्या तबकडीपासून) साधारण ३ ते ५ मिमी मागे असावा. मॅन्युअल बॉक्सला बेल हाउसिंगच्या भोकाचा रनआउट (ते मध्यापासून किती सरकलंय ते) डायल गेजने मोजा. एकूण ०.१३ मिमीपेक्षा जास्त आला तर ऑफसेट डॉवेल (मध्य सरकवणाऱ्या पिना) लावा. टी-५ या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये ऑटोमॅटिकचं तेल भरतात. सवयीने जाड गिअर ऑइल ओतलं की सिंक्रो (गिअर जुळवणाऱ्या कड्या) कुरकुरतात. ब्रिटिश गाड्यांतल्या लेकॉक ओव्हरड्राइव्हचा वेगळाच धोका आहे: ते लागलेलं असताना रिव्हर्स घेतला की आतला एकदिशा क्लच मोडतो. म्हणून गिअरबॉक्सवरचा अटकाव स्विच कधीही बायपास करू नका.

गिअरबॉक्सची लांबी बदलली की मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट बदलतो. गाडीचं वजन चाकांवर असताना स्लिप योक (शाफ्टचं गिअरबॉक्समध्ये सरकणारं टोक) पूर्ण आत ढकला आणि २० ते २५ मिमी बाहेर ओढून माप घ्या. पुढच्या-मागच्या क्रॉसचे (शाफ्टच्या सांध्यांचे) कोन १ ते ३ अंशांत असावेत, दोघांतला फरक एका अंशाच्या आत.

डिफरन्शियलचा हिशेब आधीच करा. ६६ सेंटिमीटर व्यासाचा टायर आणि ३.०८ गुणोत्तराचं डिफरन्शियल असेल तर १०० च्या वेगाला थेट गिअरमध्ये इंजिन साधारण २,४८० आरपीएमला असतं. ०.७० च्या ओव्हरड्राइव्हमध्ये ते १,७३० वर येतं आणि जरा चढ आला की इंजिन कण्हतं. ३.७३ लावलं तर ओव्हरड्राइव्हमध्ये २,१०० मिळतात, जे बहुतेक व्ही-८ इंजिनांना मानवतं. मात्र त्याच वेगाला शाफ्ट आता ३,००० ने फिरतो, पूर्वी २,४८० ने फिरायचा. त्यामुळे बॅलन्समधला जुना, लपलेला दोष आता जाणवतो. थरथर शाफ्टची की इंजिनची हे ओळखायचं असेल तर वेग तोच ठेवून तिसऱ्यातून चौथ्यात जा. शाफ्टचा वेग बदलत नाही, इंजिनचा बदलतो.

ब्रेक दाबल्यावर गाडी बंद पडते

७००आर४ चा लॉकअप ब्रेक दाबताच सुटला पाहिजे. त्याची वायर ब्रेक लाइटच्या स्विचवरून घेतली तर काम उलटं होतं: एरवी लॉकअप कधी लागतच नाही, तेल तापतं, आणि पाय ब्रेकवर गेला की नेमका तेव्हाच करंट मिळतो. पेडल दाबल्यावर तुटणारा वेगळा स्विच किंवा रिले लावा.

पण बंद पडण्याचं कारण नेहमी लॉकअपच असतं असं नाही. ब्रेक लावताना न्यूट्रल टाकून बघा. तेव्हा इंजिन जगलं तर लॉकअपवर संशय. न्यूट्रलमध्येही मेलं तर उभ्या गाडीत, आयडलिंगवर ब्रेक चार-पाचदा दाबा. आरपीएम ढासळले तर ब्रेकचा बूस्टर किंवा त्याचा पाइप गळतोय. तिथेही इंजिन शांत राहिलं, तर टाकी पाव ठेवून, सोबत्याला प्रेशर गेज बघायला बसवून रिकाम्या रस्त्यावर जोरात ब्रेक लावा. काटा चार बारवरून खाली पडला की टाकीतली आडभिंत करायची राहिली आहे.