ग्लूटेन-फ्री ब्रेडेड पोर्क चॉप्स: पोपडा न सुटता, चाळीस मिनिटांत

माझ्या धाकटीला सीलिएक (गहू, बार्ली अशा धान्यांतल्या ग्लूटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होते तो आजार) असल्याचं कळलं तेव्हा घरातून गव्हाचं सगळं बाहेर गेलं आणि त्याबरोबर तिचे आवडते ब्रेडेड चॉप्सही गेले. मग मी ग्लूटेन-फ्री ब्रेडक्रम्ब्स आणले, नेहमीसारखंच पीठ-अंडं-चुरा केलं, आणि पॅनमध्ये चॉप उलटताना सगळं कोटिंग पापुद्र्यासारखं सुटून तेलात राहिलं. तीन-चार वेळा असं झालं. मला वाटायचं की ग्लूटेन नाही म्हणजे चिकटायला काही नाही, त्यामुळे हे असंच होणार. पण तसं नाहीये. पोपडा सुटतो तो ओलाव्यामुळे आणि घाईमुळे, गव्हाच्या कोटिंगमध्ये या दोन्ही चुका थोड्याफार खपून जातात आणि ग्लूटेन-फ्रीमध्ये खपत नाहीत, एवढाच फरक आहे. हे लक्षात आलं तेव्हापासून आमच्याकडे आठवड्यातून एकदा तरी हा बेत असतो, कामावरून आल्यावर साधारण चाळीस मिनिटांत ताटात.

चौघांसाठी मी हे घेते: चार बिनहाडाचे लॉइन (पाठीकडच्या भागाचे) चॉप्स, प्रत्येकी दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅमचे, दीड ते दोन सेंटीमीटर जाडीचे. मीठ एक छोटा चमचा भरून. तांदळाचं पीठ तीन मोठे चमचे आणि कॉर्नफ्लोअर तीन मोठे चमचे. दोन अंडी, त्यात एक छोटा चमचा मस्टर्ड सॉस. ग्लूटेन-फ्री ब्रेडक्रम्ब्स दीड कप. पाप्रिका एक चमचा, लसूण पावडर अर्धा चमचा, मिरपूड. असलं तर पाव कप बारीक किसलेलं पार्मेजान. आणि तेल, वास नसलेलं कुठलंही.

जाडीबद्दल जरा थांबून सांगते, कारण अर्धं काम दुकानातच होतं. एक सेंटीमीटरपेक्षा पातळ चॉप घेतला तर बाहेरून रंग येईपर्यंत आतलं मांस कोरडं ठाक होतं. तीन सेंटीमीटरचा जाड घेतला तर उलट, चुरा करपतो आणि आत कच्चं राहतं, तो मग ओव्हनमध्ये घालून पूर्ण करावा लागतो. हाडासकट चॉपला चव जास्त असते पण हाडाजवळचं मांस सावकाश शिजतं, त्यामुळे घाईच्या दिवशी मी बिनहाडाचाच घेते. खांद्याकडचा चॉप घेऊ नका यासाठी, त्यात चरबी आणि शिरा जास्त, तो सावकाश शिजवायचा प्रकार आहे. आणि चौघांचे चारही तुकडे एकाच जाडीचे निवडा, नसतील तर प्लॅस्टिकमध्ये ठेवून लाटण्याने जाड बाजू ठोकून घ्या. (लाटणं लाकडी असेल आणि त्यावर कधी गव्हाची कणीक लाटलेली असेल तर ते नको. छोट्या पातेल्याचा बूड वापरा.)

मीठ कधी लावायचं? शक्य असेल तर सकाळी घरातून निघायच्या आधी. दोन्ही बाजूंनी मीठ लावायचं आणि न झाकता फ्रिजमध्ये जाळीवर किंवा ताटलीत ठेवून द्यायचे, खालच्या कप्प्यात, म्हणजे काही ठिबकलं तरी दुसऱ्या अन्नावर पडणार नाही. दिवसभरात मीठ आत मुरतं, मांस शिजताना पाणी धरून ठेवतं, आणि वरचा भाग मस्त कोरडा होतो, जे आपल्याला हवंच आहे. सकाळी जमलं नाही तर अगदी कोटिंग करायच्या क्षणी लावा. मीठ लावून पंधरा-वीस मिनिटं ठेवणं सगळ्यात वाईट, तेवढ्या वेळात मीठ पाणी बाहेर ओढतं पण ते परत आत जात नाही, आणि तुमच्या हातात ओलेगच्च चॉप्स येतात.

चॉप्स नळाखाली धुऊ नका. जंतू धुण्याने मरत नाहीत, शिजवल्यानेच मरतात, उलट शिंतोडे सिंकभर उडतात. फक्त टिश्यू पेपरने टिपायचं, आणि नीट टिपायचं, पहिला कागद ओला झाला की दुसरा घ्यायचा, कडाही टिपायच्या. पोपडा न सुटण्याची पहिली गोष्ट ही आहे. मांसावर पाणी राहिलं की तापल्यावर त्याची वाफ होते आणि ती वाफ कोटिंगला आतून उचलते. मग कडेला चरबीची जी पट्टी असते तिला कात्रीने दर दोन-तीन सेंटीमीटरवर छोटे काप द्या. चरबीखालचा पातळ पडदा तापल्यावर आकसतो आणि अख्खा चॉप वाटीसारखा वळतो, मग मधला भाग पॅनला टेकतच नाही. तीस सेकंदांचं काम आहे, वगळू नका.

आता पीठ. मी आधी नुसतं तांदळाचं पीठ वापरायचे, मग नुसतं कॉर्नफ्लोअर, आणि शेवटी दोन्ही अर्धं अर्धं यावर स्थिरावले. कॉर्नफ्लोअर म्हणजे निव्वळ स्टार्च, ते मांसावरचा उरलासुरला ओलावा शोषून घेतं आणि अंड्याला धरायला बारीक थर देतं. तांदळाच्या पिठाने थोडा कणीदार कडक कुरकुरीतपणा येतो. यातच मिरपूड आणि लसूण पावडर मिसळते. पीठ लावल्यावर चॉप झटकायचा, जाड थर अजिबात नको, कारण कोरड्या पिठाचा जाड थर म्हणजे मांस आणि अंडं यांच्यामध्ये एक सैल पातळी तयार होते आणि कोटिंग तिथूनच निघतं.

अंड्यात मस्टर्ड घालायचं कारण चव हे आहेच, पण त्याने अंडं जरा दाटही होतं आणि सरकत नाही. अंडी चांगली फेटा, पांढऱ्या भागाची तार राहिली तर तिथे चुरा धरत नाही. अंडं चालत नसेल तर मेयोनीज वापरता येतं, पण बऱ्याच ब्रँडमध्ये अंडंच असतं, तेव्हा बिनअंड्याचं बघून घ्या, दोन मोठे चमचे मेयो आणि एक चमचा मस्टर्ड एकत्र करून ब्रशने पातळ लावा, चुरा छान बसतो.

चुऱ्याचे पर्याय पुष्कळ आहेत. विकत मिळणारे ग्लूटेन-फ्री क्रम्ब्स कधी कधी फार बारीक, जवळजवळ पावडर असतात, त्याने कोटिंग घट्ट आणि भुसभुशीत होतं, म्हणून मी त्यात अर्धा वाटा जाडसर काहीतरी मिसळते. ग्लूटेन-फ्री ब्रेडचे स्लाइस 150 अंश सेल्सिअसवर दहा-बारा मिनिटं वाळवून मिक्सरमध्ये दोन झटके देऊन जाडसर ठेवले तर माझ्या मते सगळ्यात छान, कारण त्याचे कण वेगवेगळ्या आकाराचे होतात आणि खरपूस टोकं येतात. राइस क्रॅकर्स कुटूनही चालतात. कॉर्नफ्लेक्स चालतात पण इथे बहुतेकांची फसगत होते. मक्याचे आहेत म्हणजे सुरक्षित असं वाटतं, पण नेहमीच्या बऱ्याच कॉर्नफ्लेक्समध्ये चवीला माल्ट असतं आणि ते बार्लीपासून येतं. पाकिटावर ग्लूटेन-फ्री लिहिलेलेच घ्या, आणि कुटल्यावर ते एक चतुर्थांशच उरतात हे धरून मोजा. बदामाची पूड फार लवकर करपते, ती वापरायची तर ओव्हनमध्ये आणि कमी आचेवर. पार्मेजानने मात्र रंगही येतो आणि चवही, ग्लूटेन-फ्री चुरा पुष्कळदा फिकाच राहतो तिथे त्याचा आणि पाप्रिकाचा फार उपयोग होतो.

तीन पसरट ताटल्या मांडा, एकीत पीठ, एकीत अंडं, एकीत चुरा. डावा हात कोरड्यासाठी, उजवा ओल्यासाठी, नाहीतर बोटांवरच ब्रेडिंग होतं. चुऱ्यात चॉप ठेवला की तळव्याने दाबायचा, नुसता घोळवायचा नाही, दाबायचा, मग उलटून परत दाबायचा, कडाही. आणि मग सगळे चॉप्स जाळीवर ठेवून दहा मिनिटं हात लावायचा नाही. दुसरी महत्त्वाची गोष्ट हीच. त्या दहा मिनिटांत पीठ अंड्यातला ओलावा ओढून घेतं, चुरा भिजून धरतो, आणि तीन वेगळे थर एक होतात. मला हे माहीत नव्हतं तेव्हा मी शेवटचा चॉप घोळवला की लगेच पॅनमध्ये टाकायचे. आता त्या वेळात मी भाजी कापते किंवा सॅलड करते, वेळ फुकट जात नाही.

पॅन जड बुडाचा घ्या आणि तेल अर्धा सेंटीमीटर उंचीचं, म्हणजे चॉप अर्ध्यापर्यंत बुडेल. तेल नवंच. ज्या तेलात आधी मैद्याचं काही तळलंय ते गाळलं तरी सीलिएक असलेल्या माणसाला चालत नाही. तापमान 170 ते 175 अंश. थर्मामीटर नसेल तर चुऱ्याचा एक कण टाकून बघा, लगेच भरभर बुडबुडे येऊन तरंगायला हवा, तळाशी बसला तर तेल गार आहे आणि टाकताक्षणी काळा झाला तर जास्त तापलंय. एका वेळी दोनच चॉप्स. चार कोंबले की तेल गार होतं, मग कोटिंग तळलं न जाता तेल पितं. ठेवल्यावर तीन ते चार मिनिटं हलवायचं नाही, चिमट्याने उचलून बघण्याचा मोह होतो पण खालची बाजू अजून बसलेली नसते आणि नेमकं तेव्हाच कोटिंग फाटतं. कड सोनेरी दिसायला लागली की एकदाच उलटायचं, शक्यतो पसरट उलथन्याने, आणि दुसरी बाजू तीन मिनिटं. झाकण ठेवू नका.

शिजलं की नाही हे वेळेवरून ठरवू नका, थर्मामीटर आडवा, कडेतून मध्यापर्यंत घाला, 63 अंश झाले की काढा आणि तीन मिनिटं तसेच राहू द्या. अमेरिकेच्या कृषी विभागाने 2011 साली पोर्कच्या अख्ख्या तुकड्यांसाठी हाच आकडा दिला, त्याआधी तो 71 होता, आणि मला वाटतं पोर्क चॉप म्हणजे चिवटच असतो असं जे अनेकांच्या डोक्यात बसलंय ते त्या जुन्या आकड्यामुळे. लॉइनमध्ये चरबी फारच कमी, 70 च्या पुढे गेला की रस निघून जातो. 63 ला मधे किंचित गुलाबी झाक असते, ते चालतं. खिमा असेल तर मात्र 71 च.

काढलेले चॉप्स टिश्यूवर ठेवू नका, जाळीवर ठेवा. टिश्यूवर खालच्या बाजूची वाफ अडकते आणि पाच मिनिटांत ती बाजू मऊ पडते. लगेच चिमूटभर मीठ भुरभुरा, गरम असतानाच ते चिकटतं.

तळायचं नसेल तर ओव्हन 220 अंशावर तापवा, ट्रेवर जाळी, चॉप्सवर दोन्ही बाजूंनी तेलाचा स्प्रे किंवा ब्रश, आणि पंधरा ते अठरा मिनिटं. पण चुरा आधी पॅनमध्ये दोन चमचे तेलात सोनेरी भाजून घ्या, हे फार महत्त्वाचं, नाहीतर मांस शिजेपर्यंत कोटिंग पांढरंच राहतं. एअर फ्रायरमध्ये 200 अंशावर दहा ते बारा मिनिटं, मधे एकदा उलटायचं. चवीला मला पॅनमधलेच आवडतात, पण आठ जणांसाठी करायचे असले तर ओव्हनला पर्याय नाही, सगळे एकदम गरम होतात.

सीलिएक असणाऱ्यांसाठी करत असाल तर एक कळकळीने सांगायचंय. पाकिटावर ग्लूटेन-फ्री म्हणजे बहुतेक देशांच्या नियमात किलोमागे जास्तीत जास्त 20 मिलिग्रॅम ग्लूटेन. इतक्या बारीक प्रमाणाची गोष्ट आहे ही, त्यापुढे टोस्टरमधला एक कण किंवा पिठाची चाळणी म्हणजे पुष्कळ झालं. भेगा पडलेला लाकडी बोर्ड, ओरखडे गेलेला नॉनस्टिक पॅन, एअर फ्रायरची जाळी जिच्यात काल साधे नगेट्स केले, मस्टर्डची बाटली जिच्यात ब्रेडला लावलेली सुरी परत गेली, हे सगळं बघा. साध्या सोया सॉसमध्ये गहू असतो. घरात दोन्ही प्रकार होणार असतील तर ग्लूटेन-फ्री आधी करा, मग दुसरं, आणि चिमटा वेगळा. माझ्या मुलीला एकदा एका पाहुण्यांच्या घरी असाच त्रास झाला, त्यांनी चुरा अगदी निगुतीने वेगळा आणला होता, तेल मात्र तेच होतं.

उरले तर फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहतात. गरम करायला ओव्हन किंवा एअर फ्रायर, 190 अंशावर सात-आठ मिनिटं. मायक्रोवेव्हमध्ये कोटिंग ओलं होतं. आणि रविवारी वेळ असला की मी दुप्पट करून अर्धे कच्चेच, कोटिंग केलेले, ट्रेवर सुटे सुटे गोठवते आणि कडक झाले की पिशवीत भरते. ते वितळवायचे नाहीत, तसेच 200 अंशाच्या ओव्हनमध्ये पंचवीस ते तीस मिनिटं, वरून तेलाचा ब्रश, आणि आत 63 अंश झालेत ना ते बघायचं. वर लिंबू पिळा, ताटात भाजलेला बटाटा नाहीतर कोबीचं सॅलड ठेवा, आणि गरम असतानाच बसा जेवायला.