उभी राहिलेली डिझेल गाडी सुरू होते पण धरत नाही, तेव्हा

आठ-दहा महिने जागेवर उभी असलेली डिझेल गाडी चार्ज केलेल्या बॅटरीवर बहुतेक वेळा सुरू होते. खरी कटकट त्यानंतरची. अर्धा मिनिट चालते, गचके खाते आणि बंद पडते. अशा वेळी लोक थेट पंप (डिझेल दाबाने पुढे ढकलणारा) किंवा इंजेक्टर (ते इंजिनात फवारणारा) खोलायला निघतात. पण पंप आणि इंजेक्टर सहसा निर्दोष असतात. दोष टाकीपासून पंपापर्यंतच्या वाटेत असतो आणि त्या वाटेवरचे सुटे भाग स्वस्त असतात. म्हणून पाना हातात घेण्याआधी घड्याळ पाहा. गाडी किती वेळाने आणि कशी बंद पडते, यावरून निम्मा दोष कळतो.

सेल्फ मारण्याआधी

ऑइलची कांडी काढून पाहा. पातळी वरच्या खुणेच्या वर गेली असेल आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल, तर इंजिन सुरूच करू नका. फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाचा) पडदा फाटून किंवा पंपाचे सील गळून डिझेल ऑइलच्या चेंबरमध्ये उतरलेले असते. इंजिन ते पातळ ऑइल ओढू लागले की चावी बंद करूनही थांबत नाही, वेग वाढतच जातो. तसे झालेच तर हवेचे तोंड फळीने दाबून बंद करायचे असते, हाताने कधीच नाही.

एअर फिल्टरचा डबा उघडा. उंदराचे घरटे निघणे ही नेहमीची गोष्ट आहे. मग बॅटरी: इंजिन बंद असताना 12.6 व्होल्टच्या आसपास हवेत आणि सेल्फ मारताना 9.6 च्या खाली जाऊ नयेत. व्होल्टेज फार पडले तर नव्या गाड्यांचा कंट्रोल युनिट (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक) मध्येच रीसेट होतो आणि आपण उगाच डिझेलला दोष देत बसतो. सेल्फ एका वेळी 10 सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये अर्धा-एक मिनिट विश्रांती द्या. ग्लो प्लग किंवा इनटेक हीटर (थंड इंजिनात हवा तापवणारे भाग) असलेल्या इंजिनात, गाडी सुरू करायला मारतात तो ईथरचा स्प्रे मारू नका. तापलेल्या भागावर तो वेळेआधीच पेटतो आणि पिस्टन फुटू शकतो.

किती वेळाने बंद पडली?

एक-दोन सेकंदांत, चावी फिरवल्यासारखी पटकन बंद पडली तर आधी वीज तपासा. डॅशबोर्डवर चावीचे चिन्ह लुकलुकत असेल तर दोष इमोबिलायझरचा, म्हणजे चावी न ओळखल्यास इंजिन बंद ठेवणाऱ्या चोरीविरोधी कुलपाचा. जुन्या रोटरी पंपाच्या गाडीत पंपावरचा स्टॉप सोलेनॉइड (विजेवर डिझेल सोडणारी-अडवणारी झडप) पाहा; चावी चालू करताच 'टक' असा आवाज यायला हवा. त्याचे टर्मिनल उभ्या गाडीत हिरवे पडते. ते घासून साफ करा. तरीही तेच झाले तर वाहनाच्या व्होल्टेजची फ्यूज लावलेली वायर बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून थेट सोलेनॉइडला देऊन पाहा. गाडी चालू राहिली तर सोलेनॉइड ठीक, वायरिंग खराब.

अर्ध्या मिनिटाच्या आत, धडधडत, कमी-जास्त होत बंद पडली तर लाइनमध्ये एअर आहे. पंपात उरलेल्या डिझेलवर ती सुरू होते, मग हवेचा फुगा येतो.

दहा-पंधरा मिनिटे नीट चालून बंद पडते आणि थोडे थांबल्यावर पुन्हा सुरू होते? मग टाकीत घाण आहे किंवा टाकीचा श्वास कोंडला आहे. बंद पडताच टाकीचे झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा 'सूं' आवाज आला तर व्हेंट, म्हणजे टाकीत हवा येण्याची वाट, बुजलेला आहे. उभ्या गाडीच्या व्हेंटच्या नळीत कुंभारमाशी मातीचे घर करते, तेव्हा हे हसण्यावारी नेऊ नका. आवाज नसेल तर चोखनळीच्या जाळीवर गाळ चिकटतो, इंजिन बंद झाले की सुटून खाली बसतो आणि पुन्हा तेच चक्र.

जागेवर ठीक, चढावर किंवा भार आला की दम तोडते, तर फिल्टर चोंदला आहे.

डिझेल डोळ्यांनी पाहा

फिल्टरच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून साधारण 200 मिली डिझेल काचेच्या बरणीत घ्या आणि 15 मिनिटे हलवू नका. पाणी जड असल्याने तळाशी वेगळा थर धरते. पाणी आणि डिझेलच्या सीमेवर काळसर, बुळबुळीत पापुद्रा दिसला तर ती जीवाणू-बुरशीची वाढ आहे. अर्धवट भरलेल्या टाकीत रात्रीच्या गारव्याने आत बाष्प जमते, त्या पाण्यावर ती पोसते. औषध टाकून वाढ मरते, पण मेलेला गाळ फिल्टरमध्येच येतो. म्हणून आधी टाकी रिकामी करून धुवा, मग औषध, आणि हाताशी दोन फिल्टर जास्तीचे ठेवा. साठवलेले डिझेल सहा महिने ते वर्षभर बरे राहते. त्यापुढचे, काळपट आणि आंबूस वासाचे असेल तर नव्यात मिसळून वाचवायच्या भानगडीत पडू नका. पातळ करायला पेट्रोल तर मुळीच नको.

एअर कुठून येते

इथे भलेभले चकतात, कारण डिझेलचा थेंबही बाहेर पडत नाही. ओढणाऱ्या नळीत बाहेरच्यापेक्षा कमी दाब असतो. त्यामुळे फटीतून डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत शिरते.

पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक, डिझेलला टिकणारी नळी बसवा आणि इंजिन चालवा. एखाद-दुसरा बारीक बुडबुडा चालतो. सतत बुडबुड्यांची माळ येत असेल तर गळती आहे. मग टाकी बाजूला ठेवून स्वच्छ डिझेलच्या डब्यातून पुरवठा द्या. रिटर्नची (उरलेले डिझेल परत टाकीत नेणारी) नळीही त्याच डब्यात सोडा, नाहीतर डबा बघता बघता रिकामा होतो. गाडी नीट चालली तर दोष डब्याच्या जोडणीमागे, म्हणजे टाकीत किंवा मधल्या नळीत. तरीही बुडबुडे आले तर दोष पुढे आहे. तोच डबा इंजिनापेक्षा उंच ठेवला की नळीत दाब उलटा होतो आणि जिथून हवा शिरत होती तिथे डिझेल पाझरते. कोरड्या कापडाने सगळे सांधे पुसून दहा मिनिटे थांबा.

पाझर सापडण्याच्या जागा ठरलेल्या: फिल्टरच्या डोक्याची रबरी रिंग, वॉटर सेन्सरची ओ-रिंग, बँजो बोल्टचे (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर, हँड प्रायमरचा (हाताने डिझेल भरायच्या छोट्या पंपाचा) दट्ट्या, आणि इंजेक्टरवरच्या बारीक रिटर्न नळ्या, ज्या उभ्या गाडीत वाळून तडकतात. वॉशर जुने परत लावू नका, नवेच घ्या.

एअर काढणे

फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करा, हँड प्रायमर मारत राहा आणि फेस जाऊन सलग धार आली की दाब धरून ठेवूनच स्क्रू आवळा. जुन्या मेकॅनिकल पंपावर हेच पंपाच्या एअर स्क्रूवर करा. तरीही नाही जमले तर दोन इंजेक्टरचे नट अर्धा ते एक आटा सैल करून सेल्फ मारा. डिझेल उसळले की आवळा.

कॉमन रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या नव्या इंजिनांत) हा शेवटचा प्रकार पूर्ण वर्ज्य. तिथे दाब 1,600 बारच्याही पुढे जातो आणि बारीक धार कातडीतून आत शिरते. जखम टोचल्याएवढी दिसली तरी लगेच शस्त्रक्रिया लागू शकते. टाकीत विजेचा पंप असेल तर चावी पाच-सहा वेळा चालू-बंद करा, नाहीतर प्रायमरचा रबरी फुगा कडक होईपर्यंत दाबा. पंपाला डिझेलचेच वंगण असते, म्हणून कोरडा सेल्फ मारत बसू नका. नवा फिल्टर मधल्या भोकातून भरू नका, ती गाळलेली बाजू आहे. कोरडाच बसवून प्रायमरने भरा.

गाडी धरू लागल्यावर 20 मिनिटे जागेवर, मग भारावर चालवून पाहा. फिल्टर 200-300 किलोमीटरनंतर पुन्हा बदला. टाकीतला उरलासुरला गाळ रस्त्याच्या हिंदकळण्यानेच सुटतो.