विद्यापीठ शाळेच्या दारी जाते तेव्हा: या चुका टाळा

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये ३७ विद्यापीठांत सुरू झाली, आणि १९७७ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विस्तारकार्याला, म्हणजे विद्यापीठाबाहेरच्या समाजासाठी केलेल्या कामाला, अध्यापन व संशोधनाच्या बरोबरीचे स्थान दिले. असे असूनही शाळांसाठीचे आणि गावांसाठीचे कितीतरी उपक्रम एका दिवसाच्या कार्यक्रमापलीकडे जात नाहीत. माझ्या मते याचे कारण बहुधा निधीची चणचण नसते. दिवस, विषय आणि साहित्य विद्यापीठातच ठरते आणि शाळेला केवळ कळवले जाते, तिथे उपक्रमाचा पाया कच्चा राहतो.

सर्वांत अधिक नुकसान तारखेमुळे होते. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपत असल्याने शिल्लक निधी खर्ची टाकण्याची घाई जानेवारीपासून सुरू होते, आणि नेमक्या त्याच काळात शाळा दहावी-बारावीच्या प्रात्यक्षिक, तोंडी व लेखी परीक्षांत गुंतलेल्या असतात. २८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिनही याच हंगामात येतो. तेव्हा त्या दिवशीचा कार्यक्रम सहावी ते आठवीच्या मुलांसाठी आखावा आणि दहावीच्या वर्गाला त्यातून मोकळे ठेवावे. शून्य सावली दिवस, म्हणजे भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येऊन उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते तो दिवस, पुण्यात मेच्या मध्यास येतो, तेव्हा शाळांना सुट्टी असते. तो जुलैअखेर पुन्हा येतो, तर आभाळ भरलेले असते. त्यामुळे मुलांना मार्चमध्येच काठीची सावली मोजायला शिकवून मेमधले निरीक्षण घरच्या अंगणात करायला सांगणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. ग्रामीण भागात शेतीचा हंगामही पाहावा लागतो. सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांत मराठवाड्यात पालकसभा ठेवली तर खुर्च्या रिकाम्या राहणारच, आणि ऊसतोडीला जाणारी बीडची कुटुंबे दिवाळीनंतर गावात नसतात, अनेकदा त्यांची मुलेही त्यांच्याबरोबर गेलेली असतात. म्हणून जूनमध्ये शाळा उघडताच मुख्याध्यापकांकडून वार्षिक नियोजन मागून घ्यावे, आणि जिल्हा परिषद शाळा असेल तर आपला प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मांडावा. या समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक असतात. गावाला काय हवे आहे हे तिथे जितके स्पष्ट कळते, तितके कोणत्याही प्रश्नावलीतून कळत नाही.

दुसरी चूक शिक्षकांच्या बाबतीत होते. प्राध्यापक मुलांसमोर प्रयोग करून दाखवतात आणि वर्गाचे शिक्षक मागच्या बाकावर वह्या तपासत बसतात, असे दृश्य दिसले तर दोष शिक्षकांना देऊ नये, कारण त्यांना त्या तासात कोणतीही भूमिका दिलेली नसते. मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ मध्ये १६ शाळांत सुरू झाला, आणि दिल्ली विद्यापीठातील अध्यापकही त्यात उतरले. तिथे शिक्षकांनी प्रयोग स्वतः करून पाहावेत यावर भर होता, मासिक बैठकांत अडचणींवर चर्चा होत असे आणि शाळेत जाऊन पाठपुरावा केला जात असे. हा कार्यक्रम २००२ पर्यंत चालला, यामागे या पाठपुराव्याचा मोठा वाटा होता असे मला वाटते. आपल्याकडे यासाठी नवी व्यवस्था उभारण्याची गरज नाही. परिसरातील शाळांच्या गटावर, म्हणजे केंद्रावर, देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांशी बोलून केंद्रातील शिक्षकांच्या बैठकीत, म्हणजे शिक्षण परिषदेत, एक तास मागावा, आणि पुढच्या महिन्यात शिकवायचा धडाच त्या तासासाठी निवडावा.

धडा निवडला की बालभारतीचे पुस्तक उघडून पारिभाषिक शब्द पाहावेत. पुस्तकात ‘अपवर्तन’ आणि ‘गतिज ऊर्जा’ असताना पाहुणे ‘रिफ्रॅक्शन’ आणि ‘कायनेटिक एनर्जी’ म्हणत राहिले, तर मुलांना आपण शिकलेलाच भाग नवा आणि अवघड वाटू लागतो. नंदुरबारच्या दुर्गम पाड्यांवर मराठी हीच मुलांची दुसरी भाषा असते, म्हणून तिथे भिली किंवा पावरी बोलणारा विद्यार्थी-स्वयंसेवक बरोबर असायलाच हवा.

साहित्याविषयी थोडक्यात सांगायचे तर, भेट दिलेला सूक्ष्मदर्शक वर्षभर कपाटात कुलूपबंद राहतो, कारण तो मोडला तर जबाबदारी कोणाची हे कोणी ठरवलेले नसते. त्यामुळे दुरुस्तीचा खर्च विद्यापीठ उचलेल असे आरंभीच लेखी द्यावे. शक्य असेल तिथे काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, भिंगे अशा तालुक्याच्या बाजारात मिळणाऱ्या वस्तू वापराव्यात.

उच्च शिक्षण संस्थांचा दर्जा तपासणाऱ्या नॅकच्या मूल्यमापनात विस्तारकार्याची नोंद लागते, त्यामुळे छायाचित्रे आणि उपस्थितीपत्रके गोळा करण्याकडेच ओढा वाढतो. ती नोंद ठेवावीच. परंतु तीन महिन्यांनी त्याच शाळेत परत जाऊन शिक्षकांनी तो प्रयोग आपल्या वर्गात स्वतः घेतला का, हेही विचारावे. घेतला नसेल तर अडचण वेळेची होती, साहित्याची होती की धडाच चुकीचा निवडला गेला, हे समजून घेऊन मगच पुढची भेट ठरवावी. ही उत्तरे शाळेतच राहणाऱ्या एका वहीत लिहिली, तर प्राध्यापक बदलले किंवा स्वयंसेवकांची तुकडी उत्तीर्ण होऊन निघून गेली, तरी पुढच्या जूनमध्ये येणाऱ्यांना काम कुठे थांबले होते हे पहिल्याच दिवशी कळते.